अंक बेचाळिसावा

सुपडू बडगुजर चित्रं काढायचा,
मी फुग्यांत अक्षरं भरायची.
त्याचं अक्षर फार वाईट. सहीसुद्धा तो चितारायचा.
चोपड्याच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
महिन्याला एक अंक, बत्तीस पानं, दोन पिना,
किंमत पाच रुपये, उधारी चालू.

त्याच्या गोष्टीत राक्षस नव्हते.
विश्व चालवणारी माणसं होती
आणि ती सगळी इथंच कुठं कुठं कामाला होती.

जिनिंगच्या तोलकाट्यावर गुरुत्वा,
थोराड बाई, कपाळभर कुंकू,
कुणाला हात लावत नाही, कुणाला सोडतही नाही.
काळ केळीच्या वखारीत, रात्रपाळीला.
घडांवर बॅटरी मारत
हिरव्याचं पिवळं होईस्तोवर उभा राहायचा,
पिवळ्याचं काळं होताना मात्र तोंड फिरवायचा.
विस्कट्या नऊ वर्षांचा, नाडी लोंबती,
गाठ दिसली की सोडणार.
गासडीची पट्टी, बैलाचं दावं,
एका अंकात तर त्यानं अख्खं मृगाचं नक्षत्र सोडलं
आणि खिशात चार तारे घेऊन घरी आला, मार खायला.
उजेडबुवा चहा टाकेस्तोवर निघून गेलेले.

आणि पोकळी.
तिला सुपडूनं कधी काढलंच नाही.
बाकीचे उभे राहायचे,
त्यांच्या मध्ये जी जागा उरायची, ती पोकळी.
"स्वस्तात पडते," म्हणायचा, "शाई लागत नाही."
तिलाही फुगा असायचा, शेपटी हवेत,
आत काही लिहायचं नाही, हा नियम.
एकतिसाव्या अंकात मी चुकून 'हं' लिहिलं
तर आठ दिवस बोलला नाही.
साठ प्रती व्हाइटनरनं पुसल्या मी, जमिनीवर बसून.

सगळे अहिराणीत बोलायचे.
"बस ना, कथा जास?" हे गुरुत्वाचं नेहमीचं.
हायस्कूलच्या सरांनी नाक मुरडलं,
विश्व असं बोलतं का?
सुपडू म्हणाला, "मंग कसं बोलस?"
सरांनी पाच रुपये दिले आणि अंक घेऊन गेले.

माघात तो गेला.
बेचाळिसाव्याची पानं रुख्मानं, त्याच्या बहिणीनं,
केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात बांधून आणली.
चित्रं पूर्ण.
एकशे अठरा फुगे, सगळे कोरे.

लिहून काही ठेवायचा नाही तो.
स्टुलावर बसून बोलायचा, मी भरत जायची.
आता कुणाला विचारू,
हा फुगा बोलायचा राहिलाय
की हा गप्पच आहे?

तीन रात्री शेपट्या बघत बसले.
शेपटी तोंडाकडे, तर शब्द.
शेपटी हवेत, तर तिचा, सोडून द्यायचा.
काळाला चार वाक्यं दिली, त्याला पाचवं मागता आलं नसतं.
विस्कट्याच्या तोंडी शिवी घातली. सुपडूनं घातलीच असती.

शेवटचं पान.
एसटी स्टँड, शिरपूरची पाटी, बाकडं.
बाकड्यावर सुपडू.
बेचाळीस अंकांत पहिल्यांदाच स्वतःला काढलेलं,
रबरी चप्पल, एका पायाचा अंगठा तुटलेला.
शेजारी एका माणसाची जागा.
दोन फुगे.

त्याच्या फुग्यात लिहिलं, "मोटर कव्हय येई?"
तिचा फुगा कोराच सोडणार होते.
पण त्या पानावर कोरं फार होतं,
आभाळ कोरं, भिंत कोरी, पाटीचीही मागची बाजू.
कुणाला कळणार ती बोलली म्हणून?

ब्लेड घेतलं. फुगा गोल कापून काढला.
मशीनचं झाकण उघडं ठेवलं
(उघडं ठेवलं की भोक काळं छापतं,
हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं)
आणि बटण दाबत राहिले.
प्रत्येक प्रतीला उजेडबुवा
माझ्या डोळ्यांवरून धावत गेले, न थांबता.
प्रत्येक प्रतीवर काळाभोर फुगा,
बोट लावलं तर बोटाला येणारा.

पंचावन्नाव्या प्रतीला टोनर संपला.
स्वस्तात पडते, म्हणायचास.